मारुतीला पाणी कुठवर आले?

पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सोडला याचे आकडे रोज जाहीर होतात, परंतु नाशिकच्या गोदाकाठी राहणाऱ्या माणसाचा प्रश्न वेगळाच असतो : मारुतीला पाणी कुठवर आले? रामकुंडाजवळ नदीपात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती ही आमची पूरपट्टी आहे. पाणी त्याच्या गुडघ्यांना लागले की काठावरचे विक्रेते आपापल्या टपऱ्या हलवू लागतात, कमरेला लागले की भांडी बाजार आणि सराफ बाजार सावध होतात, आणि ते छातीच्या वर चढू लागले की गावभर फोन सुरू होतात. ऑगस्ट २०१९ मध्ये तर तो पुरता पाण्याखाली गेला होता.

ज्याच्यापुढे पूर ओसरावा म्हणून हात जोडायचे, तोच सर्वांत आधी बुडतो आणि त्याच्याच अंगावर आपण पाणी मोजतो, याचे नाशिककरांना मुळीच नवल वाटत नाही. मला मात्र अलीकडे वाटू लागले आहे. मनासारखे काही घडले नाही की ‘देव करतो ते बऱ्यासाठीच’ असे म्हणणारी माणसे भोवती पुष्कळ असतात. हे वाक्य ज्याचे नुकसान झाले आहे त्याने स्वतः म्हटले तर मी मान खाली घालून ऐकतो. समाचाराला आलेल्याने चहाचा कप हातात धरून म्हटले तर मला ते सहन होत नाही. पात्रातल्या मारुतीने पूर अडवल्याचे कोणी सांगत नाही. तो पुरात उभा असतो, एवढेच आपल्याला दिसते, आणि श्रद्धेला तेवढे पुरत असावे.

या गावाच्या पुराणकथेकडेही जरा त्या नजरेने पाहावे. ज्या रामामुळे पंचवटीला महत्त्व आले, तो येथे ठरवून आलेला नव्हता. अयोध्येत राज्याभिषेकाची तयारी झाली होती. मुहूर्ताच्या वेळी हाती आला तो वनवास. बरे, वनवासात तरी स्वस्थता लाभावी, तर सीतेचे हरण याच पंचवटीतून झाले. येथून पुढे गेलेला राम झाडावेलींना सीतेचा ठावठिकाणा विचारीत, रडत फिरला, हे सांगायला रामायण संकोचत नाही. काळारामापुढे रांगेत उभे राहून नोकरी, लग्न, घराचा ताबा असे आपापले बेत त्याच्या कानावर घालणाऱ्या आपल्याला हे सहसा आठवत नाही.

त्र्यंबकेश्वरची कथा त्या मानाने सुखान्त आहे. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, विठ्ठलपंतांच्या कुटुंबाची पळापळ झाली, लहानगा निवृत्ती वाट चुकून एका गुहेत शिरला आणि तेथे त्याला गहिनीनाथ भेटले, असे परंपरा सांगते. तोच उपदेश पुढे ज्ञानदेवांपर्यंत पोहोचला. प्रवचनात ही कथा रंगते, कारण चुकलेली वाटच खरी ठरली असे तीत दाखवता येते. पण वाट चुकलेल्या प्रत्येकाला गुहेत गुरू भेटत नाही, आणि ज्यांना भेटला नाही त्यांच्या कथा कोणी सांगत नाही. शिवाय याच भावंडांच्या आईवडिलांना पुढे देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागले, हेही त्याच परंपरेत आहे. तेव्हा प्रत्येक आघातामागे काही गोड योजना शोधणे मी सोडून दिले आहे.

निफाडकडे माझ्या मामेभावाची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीपासून माल हाती येईपर्यंत साधारण चार महिने हा माणूस आभाळाकडे पाहूनच जगतो. फुलोऱ्यात पाऊस झाला तर गळ आणि डावणीचा रोग, आणि मण्यांत साखर भरल्यावर झाला तर मणी तडकतात. मागे एकदा व्यापाऱ्याशी सौदा झाल्यावर, तोडणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा तो वेलींखाली उकिडवा बसून घड हातात घेऊन पाहत होता. वरून टपोरा दिसणारा घड उलटा केला की आतल्या मण्यांना देठापाशी बारीक चिरा गेलेल्या दिसत आणि बोटांना चिकट रस लागे. वहिनींनी घरातल्या देवापुढे सांजवात नेहमीच्या वेळी लावली. मी त्याला नको तो प्रश्न विचारलाच.

‘पाऊस त्यानेच पाडला का, ते मी विचारीत नाही, दादा,’ तो म्हणाला. ‘उद्या पहाटे मला उठवणारा तो आहे, एवढे मला ठाऊक आहे.’ आणि तडकलेला माल बेदाण्याला कितीत जाईल, हे विचारायला त्याने फोन उचलला.

त्या वर्षी सोसायटीचे कर्ज थकले, ते फेडायला पुढचे हंगाम गेले. आता तो सगळी बाग एकदम छाटत नाही. एकाच पावसात सगळे सापडू नये म्हणून प्लॉट पाडून, मागेपुढे तारखा धरून छाटणी करतो, आणि पीकविम्याचा हप्ताही न चुकता भरतो. देवावर इतका विश्वास असताना ही खबरदारी कशाला, असे त्याला गावात कोणी चिडवले, तर पहिल्या वेलीला कात्री लावण्यापूर्वी फोडलेल्या नारळाचा तुकडा तो त्याच्या हातावर ठेवतो आणि कामाला लागतो.