लिम्बवरचा आकडा आणि बोटांवरचं वजन

धनुष्य घ्यायला निघालेला माणूस आधी विचारतो, "किती पाउंडाचं घेऊ?" म्हणजे दोरी पूर्ण खेचताना बोटांवर किती वजन येईल. खरं तर हा प्रश्न तिसरा. त्याआधी ड्रॉ लेंग्थ, म्हणजे तुम्ही दोरी किती लांब खेचता ते, मोजायची, मग धनुष्याची लांबी ठरवायची. इथे बोलतोय ते रिकर्व्हबद्दल, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्याबद्दल. कंपाउंडचा (चाकं लावलेल्या धनुष्याचा) हिशेब वेगळा, तो शेवटी थोडक्यात.

ड्रॉ लेंग्थचा ढोबळ अंदाज असा: भिंतीला पाठ लावून दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरा, मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा आणि 2.5 ने भागा. 165 सेंमी आले तर 66 सेंमी, म्हणजे 26 इंच. पण हा फक्त अंदाज. खरं माप हलक्या धनुष्यावर घ्यायचं. लांब बाण लावून पूर्ण अँकरपर्यंत (खेचलेला हात चेहऱ्यावर टेकतो ती ठरलेली जागा) खेचा आणि ग्रिपच्या सर्वांत खोल भागाच्या सरळ वर बाणावर दुसऱ्याला खूण करायला सांगा. नॉकच्या (बाणाच्या मागच्या टोकाच्या) खाचेपासून त्या खुणेपर्यंतच्या अंतरात पावणेदोन इंच मिळवले की प्रमाणित ड्रॉ लेंग्थ मिळते. हे पावणेदोन इंच विसरले की पुढचं सगळं गणित चुकतं. दुसरी अडचण म्हणजे नवशिक्या पूर्ण खेचतच नाही. पाठीचे स्नायू कामाला लागले की माप अनेकदा इंचभर वाढतं, म्हणून फॉर्म थोडा बसल्यावर पुन्हा मोजा.

आता लांबी. 25 इंची रायझरला (मुठीचा मधला भाग) शॉर्ट लिम्ब (वर-खालचे वाकणारे भाग) लावले की 66, मीडियमला 68 आणि लाँगला 70 इंचाचं धनुष्य होतं. 23 इंची रायझरवर प्रत्येक आकडा दोनने कमी होतो, 27 वर दोनने जास्त. 25-26 इंच ड्रॉला 66, 27-28 ला 68, 29-30 ला 70, त्यापुढे 72, आणि 24 किंवा कमी असेल तर 62-64 चालतं. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लांब घ्या. आखूड धनुष्य जास्त खेचलं की दोरीचा कोन अरुंद होतो, बोटं चिमटतात आणि शेवटच्या इंचाला वजन एकदम चढतं. याला स्टॅकिंग म्हणतात. नेमकं तिथेच शांत थांबायचं असतं, त्यामुळे रिलीज (दोरी सोडणं) बिघडते. उलट, फारच लांब धनुष्यात लिम्ब पुरेसे वाकत नाहीत आणि बाण मंद जातो. नवशिक्याला हा तोटा परवडतो, पहिला नाही.

मग वजन. लिम्बवर छापलेला आकडा बहुतेक वेळा 25 इंची रायझर आणि 28 इंच ड्रॉसाठी असतो. तुमचा ड्रॉ त्याहून कमी-जास्त असेल तर इंचामागे साधारण 2 ते 2.5 पाउंड वजा किंवा जमा करा. 28 पाउंडाचे लिम्ब 26 इंच ड्रॉला बोटांवर 24 च्या आत-बाहेर भरतात, आणि 30 इंचवाल्याच्या हातात तेच 32-33 होतात. लिम्ब 23 इंची रायझरवर चढवलेत तर आणखी दोनेक पाउंड वाढतात. खात्री हवी असेल तर दोरीला वजनकाटा अडकवून स्वतःच्या ड्रॉपर्यंत खेचून बघा.

सुरुवातीला बोटांवर मुलांना 10-14 आणि मोठ्यांना 16-24 पाउंड पुरतात. व्यायामशाळेत जाणारे इथे हमखास फसतात. एकदा 40 पाउंड खेचता येणं निराळं आणि तेच शंभर बाणांसाठी, दरवेळी अँकरवर थांबून, खेचणं निराळं. पारख सोपी आहे: बाण लावा, टार्गेटकडे तोंड करून अँकरपर्यंत खेचा, दहा सेकंद स्थिर धरा आणि न सोडता सावकाश परत आणा. बाणाशिवाय दोरी सोडायची नाही, लिम्ब फुटू शकतात. खेचताना धनुष्य आभाळाकडे जात असेल, पुढचा खांदा कानाकडे चढत असेल किंवा डोकं दोरीकडे झुकत असेल, तर वजन जास्त आहे. त्याच वजनावर महिनोन् महिने रेटलं की खांदा दुखावतो, आणि वाईट सवय त्याहून चिवट असते.

वाढवताना एका वेळी 2 पाउंड, फार तर 4. सत्राच्या शेवटच्या बाणांचा ग्रुप (टार्गेटवरचा पुंजका) पहिल्या बाणांइतकाच घट्ट राहत असेल तरच. आयएलएफ (लिम्ब जोडायची प्रमाणित पद्धत) रायझरच्या लिम्ब बोल्टने एकूण साधारण दहा टक्के फरक पाडता येतो, पण निर्मात्याने दिलेल्या मर्यादेपलीकडे बोल्ट सैल करू नका. बदलानंतर टिलर (वरच्या आणि खालच्या लिम्बपासून दोरीच्या अंतरातला फरक) आणि ब्रेस हाइट (ग्रिपपासून दोरीचं अंतर) तपासा. बहुतेक साध्या लाकडी टेकडाउनमध्ये (भाग सुटे होणाऱ्या धनुष्यात) ही सोय नसते. वजन बदलायचं तर लिम्बच बदलावे लागतात. म्हणून पहिले लिम्ब स्वस्तातले घ्या किंवा भाड्याने मिळाले तर उत्तम.

कंपाउंडमध्ये ड्रॉ लेंग्थ कॅमवरच (टोकांवरच्या चाकांवर) ठरलेली असते, त्यामुळे अर्धा इंच चुकलं तरी अँकर बसत नाही. लेट-ऑफमुळे पूर्ण खेचल्यावर वजन बरंच उतरतं, पण शिखरावरचं ओढावंच लागतं. वर्ल्ड आर्चरीच्या स्पर्धांत त्याची कमाल मर्यादा 60 पाउंड आहे.

बाण मात्र दोन्ही प्रकारांत सर्वांत शेवटी घ्या. त्यांचा स्पाइन (कडकपणा) बोटांवरचं वजन आणि बाणाची लांबी पाहून निवडतात. वजन चार पाउंडांनी वाढलं तर कालचे बाण आज मऊ ठरू शकतात. सुरुवातीचे बाण ड्रॉपेक्षा दोनेक इंच लांबच ठेवा, कापायची घाई नको.