अंगणाचा कोबा आणि अर्जातला सातवा रकाना

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात घरासमोरच्या अंगणाचा आणि गाडी चढवायच्या उताराचा जुना, फुटलेला कोबा आम्ही काढला. तिथे चार इंचांचे नवे काँक्रीट टाकले आणि दहा दिवस गोणपाट अंथरून पाणी मारले. या कामाबद्दल सांगण्यासारखे एवढेच आहे, कारण ते नीट झाले. पुढे त्याच काँक्रीटवर सीलर, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून वरून द्यायचा द्रव, मारताना जे झाले, आणि त्याची तक्रार नोंदवताना जे सोसावे लागले, त्याची चीड अजून गेलेली नाही.

सीलर मारायचे कारण साधे होते. नाशिकच्या पावसाळ्यात आमच्या अंगणात दरवर्षी शेवाळ धरते आणि उतारावर पाय सरकतो. दुकानदाराने चमक देणारे अ‍ॅक्रिलिक सीलर दाखवले आणि कोबा टाकून अठ्ठावीस दिवस झाले असले की बिनधास्त मारा, असे सांगितले. अठ्ठावीसच काय, आमच्याकडे चाळीस दिवस होऊन गेले होते. मिस्त्रीने आदल्या संध्याकाळी अंगण पाइपने स्वच्छ धुतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच रोलर घेऊन काम सुरू केले, कारण दुपारी त्याला आडगावच्या साइटवर जायचे होते. डिसेंबरचा तिसरा आठवडा होता. निफाडच्या द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटत होत्या, आणि आमच्या दारातल्या गाडीच्या काचेवर दव इतके होते की त्यावर बोटाने नाव लिहिता आले असते. मात्र कोबा डोळ्यांना कोरडा दिसत होता.

दुपारपर्यंत अंगण आरशासारखे चमकले आणि आम्ही दोघांनी त्याचे फोटोही काढले. तिसऱ्या दिवशी मात्र सगळीकडे कोणी ताक सांडून ठेवल्यासारखा दुधाळ पट्टा उमटला, आणि आठवड्याभरात उतारावर गाडीच्या चाकाखाली पोपडे सुटू लागले.

मिस्त्री म्हणाला की हा लोणा आहे, ऍसिडने जाईल. त्याचे ऐकून मी एका कोपऱ्यात ऍसिड टाकून पाहिले आणि तो कोपरा आजही खरबरीत आहे. इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे विसरेन: लोणा म्हणजे काँक्रीटमधून वर आलेला क्षार, आणि तो ऍसिडने विरघळतो. सीलरच्या पापुद्र्याखाली कोंडलेल्या ओलीमुळे आलेला पांढरेपणा मात्र ऍसिडला दाद देत नाही. आमच्यासारखे सीलर पाण्याऐवजी द्रावकातले, म्हणजे थिनरसारख्या रसायनात विरघळवलेले असेल, तर फडक्यावर थोडे झायलीन (असाच एक द्रावक) घेऊन डागावर दाबावे. डाग तेवढ्यापुरता नाहीसा झाला तर दोष पापुद्र्याचा आहे, क्षाराचा नाही. झायलीन पेट घेते आणि त्याच्या वाफेने डोके धरते, म्हणून हे उघड्यावरच आणि आगीपासून दूर करावे.

आता तक्रारीकडे येतो. डब्यावरच्या क्रमांकावर फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलीने अत्यंत गोड आवाजात तक्रार क्रमांक दिला आणि आठ कामकाजी दिवसांत संपर्क होईल असे सांगितले. अकराव्या दिवशी मीच फोन केला. आता बॅच क्रमांक लागणार होता, आणि तो डब्याच्या तळाशी छापलेला असतो हे मला तेव्हा कळले. रिकामा डबा मिस्त्री कधीच घेऊन गेला होता. मी स्कूटर काढून आडगावच्या साइटवर गेलो, तेव्हा तो डबा पाण्याने भरून सिमेंट कालवायच्या जागी ठेवलेला सापडला. दोन बिगाऱ्यांनी तो उपडा केला आणि तळाचे चिखल लागलेले आकडे मी रुमालाने पुसून वाचले. शेवटचा आकडा तीन की आठ हे शेवटपर्यंत समजले नाही, म्हणून दोन्ही लिहून पाठवले. कोणत्याही रंगाचा, सीलरचा किंवा वॉटरप्रूफिंगचा डबा काम संपल्यावर किमान वर्षभर घरातच ठेवावा आणि बिलाचा फोटो त्याच दिवशी काढावा, असे माझे आता ठाम मत आहे.

त्यानंतर ईमेलवर एक चार पानी अर्ज आला. नाव, पत्ता, क्षेत्रफळ असे पहिले सहा रकाने सरळ होते. सातव्या रकान्यात विचारले होते की सीलर मारतेवेळी पृष्ठभागाचे तापमान किती होते, हवेची आर्द्रता किती होती आणि त्यावरून दवबिंदू किती येत होता. आठव्यात काँक्रीटमधल्या ओलाव्याची चाचणी कोणत्या पद्धतीने केली ते लिहायचे होते. मी हा अर्ज दोन दिवस टेबलावर तसाच ठेवला. तीन आठवड्यांपूर्वीच्या सकाळी आठ वाजता माझ्या अंगणाचे तापमान किती होते हे मी कुठून सांगणार? मी तसे लिहून अर्ज पाठवला, तर माहिती अपूर्ण असल्याच्या शेऱ्यासह तो परत आला. पुन्हा फोन, पुन्हा गोड आवाज, पुन्हा आठ कामकाजी दिवस.

माझा भाचा लेहला बांधकामाच्या कामावर आहे. त्याला वैतागून फोन केला तेव्हा तो आधी हसला आणि मग म्हणाला, “मामा, त्या रकान्यातच तुमचं उत्तर आहे.” त्याने मला जे समजावले ते मी पुढे स्वतः पडताळले, म्हणून खात्रीने लिहितो. रात्री निरभ्र आकाशाखाली कोबा उष्णता सोडत राहतो आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतो. त्याचे तापमान दवबिंदूच्या खाली गेले की हवेतील बाष्प त्यावर पाणी होऊन बसते, आणि वरचा थर उन्हाने कोरडा दिसू लागला तरी छिद्रांत ओल शिल्लक असते. म्हणून पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश सेल्सिअसने उबदार झाल्याशिवाय सीलर मारायचे नसते. हवा ११ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू साडेआठ अंशांच्या आसपास येतो. अशा सकाळी नऊ अंशांच्या कोब्यावर रोलर फिरवणे म्हणजे ओल्या फरशीवर प्लास्टिक चिकटवणे झाले. आदल्या संध्याकाळची धुलाई तर वेगळीच.

लेहची गोष्ट याहून कठीण आहे. साडेतीन हजार मीटर उंचीवर हिवाळ्यात दिवसा ऊन लागून बर्फ वितळतो, ते पाणी काँक्रीटमध्ये मुरते आणि रात्री पुन्हा गोठते. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते, त्यामुळे वरचा थर पापुद्र्यांनी सुटत जातो. तिथे काँक्रीटवर हवाबंद चमकदार पापुद्रा चढवणे उलटे महागात पडते, कारण आत अडकलेले पाणी बाहेर पडू शकत नाही आणि तिथेच गोठते. उंचीवरचे प्रखर अतिनील किरणही असा पापुद्रा लवकर खराब करतात. त्यामुळे तिथे सिलेन-सिलॉक्सेन प्रकारचे, काँक्रीटच्या छिद्रांत उतरणारे सीलर चांगले. ते छिद्रांच्या भिंतींना पाणी नकोसे करते, पण आतली वाफ बाहेर जाऊ देते. आणि तेही थंडीच्या आधी, उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांत उरकावे लागते. “तुमच्याकडे बर्फ नाही, म्हणून नुसतं पांढरं झालं. आमच्याकडे असतं तर कोबाच उखडला असता,” असे भाचा म्हणाला. यात दिलासा घ्यावा की नाही ते मला कळले नाही.

राग मला याचा आला की हे सगळे कंपनीला ठाऊक होते. डब्यावर बारीक अक्षरांत ‘कोरड्या पृष्ठभागावर वापरावे’ एवढेच छापले होते. कोरडे म्हणजे किती कोरडे, हे मात्र तक्रारीच्या अर्जात विचारले होते. एक्केचाळिसाव्या दिवशी त्यांचा तांत्रिक प्रतिनिधी आला, दहा मिनिटे थांबला, नखाने एक पोपडा उचलला आणि ‘ओलसर पृष्ठभागावर वापर’ असे लिहून गेला. नंतर त्याच मालाचा नवा डबा सवलतीत घेण्याचा प्रस्ताव आला. तो मी नाकारला आणि त्याबद्दल मला किंचित अभिमान आहे, जरी घरात त्यावर वेगळे मत आहे.

उरलेले काम मी स्वतः उभे राहून करून घेतले. जुना पापुद्रा काढायला स्ट्रिपर, म्हणजे तो मऊ करून सोडवणारे रसायन, आणि दाबाच्या पाण्याचे यंत्र लागले आणि दोन दिवस गेले. तो पूर्ण निघाला की नाही हे पाहायला जागोजागी पाण्याचे थेंब टाकावेत. थेंब मुरून कोबा काळपट झाला तर छिद्रे मोकळी आहेत, थेंब तसाच बसून राहिला तर पुन्हा घासावे. मग अंगण महिनाभर वाळू दिले. ओलाव्यासाठी अठरा इंचांचा चौकोनी पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून सोळा तासांहून जास्त ठेवला. पहिल्यांदा आतून बाष्प धरले; होळीच्या आसपास चौथ्या खेपेला प्लास्टिक कोरडे निघाले, तेव्हा मी सकाळीसकाळी हिला हाक मारून ते दाखवले. पृष्ठभागाचे तापमान पाहायला कोविडच्या काळातला कपाळावर धरायचा थर्मामीटर काढला होता, पण तो माणसांसाठीच असल्याने थंड कोब्यावर आकडाच दाखवेना. शेवटी कारखान्यात वापरतात तसला विकत आणला.

या वेळी घेतलेले, छिद्रांत उतरणारे सीलर पातळ असते. निफाडच्या साडूंनी बागेचा फवारणी पंप देऊ केला, पण त्यात औषधाचा अंश राहतो आणि आपले सीलर पुढे त्यांच्या बागेवर जाऊ नये, म्हणून मी नवा पंप घेतला. सकाळी दहानंतर पण कडक उन्हाच्या आत, पहिला हात ओला असतानाच दुसरा दिला आणि खड्ड्यांत साचलेले लगेच रोलरने पसरवले. गाडी आधी बाहेर काढावी आणि खिडक्यांच्या काचा झाकाव्यात, त्यावर उडालेले शिंतोडे निघत नाहीत. आमच्या एका काचेवर ते अजून आहेत.

काम झाल्यावर अंगण पूर्वीसारखेच, फिके राखाडी दिसत होते. हिने दोनदा विचारले की पैसे नक्की कशाचे दिले. जूनच्या पहिल्या सरीत पाण्याचे थेंब उतारावरून मोत्यांसारखे घरंगळत गेले, तेव्हा तो प्रश्न थांबला. त्याच आठवड्यात कंपनीकडून, आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली असून कृपया आमच्या सेवेला पाचपैकी गुण द्यावेत, असा संदेश आला.

नळाजवळचा दोन फुटांचा पट्टा मात्र मी तसाच सोडला आहे. तिथे प्लास्टिकखाली दरवेळी पाणी धरते, कारण नळ गळतो, आणि प्लंबरने उद्या येतो असे सांगून तीन आठवडे झाले आहेत.