बिरडं, पेन आणि राख

परवा दुपारी बिरडं सोलत बसले होते. खाली पसरलेल्या पेपरात अर्धवट शब्दकोडं दिसलं, म्हणून ओल्या हातानंच पेन घेतलं. दोन शब्द अडले, पुन्हा वालांकडे वळले. शेवटी सालं पेपरात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकली. संध्याकाळी पेन सापडेना, तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

बादली उपसून काढलं. नवरा म्हणाला, "एका पेनासाठी एवढं?" पेन शाईचं आहे, हे त्याला अजून कळलेलं नाही. ते दुसऱ्याला द्यायचं नसतं, निब वळते. द्यावंच लागलं तर टोपण आपल्या मुठीत ठेवायचं. पाचवीत आजोबांनी मला पहिलं पेन दिलं, ते पहिल्याच दिवशी दप्तरात गळलं आणि भूगोलाच्या वहीत नसलेला समुद्र तयार झाला. खडू फिरवून तो आटवायचा खूप प्रयत्न केला. पण त्या पेनाबद्दल वाईट शब्द ऐकून घेतला नाही.

ॲन फ्रँक, नाझींपासून लपून राहताना रोजनिशी लिहिणारी ज्यू मुलगी. तिलाही तिचं पेन आजीनं दिलं होतं. नऊ वर्षांची असताना, जर्मनीतल्या आखेनहून पोस्टानं, कापसात गुंडाळून. तेराव्या वर्षी तेही तिच्याबरोबर लपायला आलं: ॲम्स्टरडॅम, प्रिन्सेनग्राख्त २६३, वडिलांच्या ऑफिसच्या मागचा भाग. दाराला पुस्तकांचं कपाट, आत आठ माणसं. दिवसा खालच्या गोदामात कामगार असत, त्यामुळे पाऊलसुद्धा जपून टाकायचं. नोव्हेंबर १९४३ मध्ये एका संध्याकाळी बाबा आणि थोरली बहीण मार्गोट लॅटिन घेऊन टेबलाशी बसले. ॲन कोपऱ्यात सरकून घेवड्याच्या दाण्यांवरची बुरशी चोळून काढत बसली. मग केर काढला, सडके दाणे आणि कचरा पेपरात गुंडाळून शेगडीत टाकला. जाळ चांगला भडकला म्हणून खूशही झाली! दुसऱ्या दिवशी बाबांना राखेत पेनाची क्लिप सापडली. सोन्याच्या निबेचा मागमूस नाही.

तिनं रोजनिशीत त्या पेनाचा रीतसर मृत्युलेख लिहिला. कधी आलं, कुठल्या वर्गात नेऊ दिलं, कुठल्या बाईंनी वर्गात बंदी घातली, सगळं. घरातलं माणूस गेल्यावर आपण सांगतो ना, तसं.

पुढे काही लोकांनी उठवलं, की रोजनिशी खोटी आहे, बॉलपेननं लिहिली आहे. बॉलपेन तिकडे सर्रास मिळायला लागलं ते युद्धानंतर. निघालं काय, तर नंतर कागद तपासणाऱ्या कुणाच्या तरी दोन चिठोऱ्या आत राहिल्या होत्या, अक्षरही तिचं नाही. मला त्या खोटेपणाइतकाच तपशिलाचा राग येतो. शाईच्या पेनासाठी मृत्युलेख लिहिणाऱ्या मुलीवर बॉलपेनचा आळ!

माझं पेन धुतलं, कोमट पाण्यात निब बुडवून ठेवली. उठतंय आता, थोडं खरवडत. वालांचा वास मात्र गेलेला नाही.

त्या मृत्युलेखात शेवटी ॲननं स्वतःची समजूत घातली आहे, की निदान पेनाचं दहन तरी झालं, आपल्यालाही पुढेमागे तसंच व्हायला आवडेल. चौदा वर्षांची मुलगी, सहज लिहून गेली. ४ ऑगस्ट १९४४ ला सगळे पकडले गेले. १९४५ च्या सुरुवातीला जर्मनीतल्या बर्गन-बेल्सनच्या नाझी छावणीत दोघी बहिणी वारल्या, आधी मार्गोट, मग ती. कुठल्या खड्ड्यात पुरलं ते कुणाला माहीत नाही. तिथे दोघींच्या नावाचा दगड आहे, पण त्याखाली त्या नाहीत.