नथ नसलेला फोटो

काल प्राजूच्या लग्नाचा अल्बम आला. स्टेजवरच्या मोठ्या फोटोत मी काय छान हसतेय, जो तो म्हणतोय काकू मस्त आलीय. पण ती मी नाहीये! म्हणजे चेहरा माझाच, पण मेंदीच्या दिवशीचा. स्टेजवर माझे डोळे मिटले होते म्हणून फोटोग्राफरने तो उचलून इथे बसवला. कळलं कसं, तर नऊवारी, तन्मणी, सगळा थाट आणि नाकात नथच नाही.

इतकी वाईट दिसत होते का मी? विचारायचं तरी एकदा. डोळे काही फ्लॅशने मिटले नव्हते, पण ते जाऊ दे.

रात्री झोप लागेना, तेव्हा लंडनच्या नॅशनल गॅलरीतली मादाम द पाँपादूर आठवली. द्रुएने काढलेलं सात फुटी चित्र. ह्यांना पुढे जायची घाई आणि मी तिथेच खिळलेली, कारण तिच्या डोक्याभोवती कॅनव्हासचा चौकोनी जोड होता. एप्रिल १७६३ मध्ये नुसता चेहरा रंगवला, तो तुकडा मोठ्या कॅनव्हासमध्ये बसवला आणि चित्र पुरं झालं मे १७६४ मध्ये. ती त्याच्या आदल्याच महिन्यात गेलेली, ४२ वर्षांची. पठ्ठ्याने चित्रातच, टेबलावर, दोन्ही महिने लिहून ठेवलेत.

राजा पंधराव्या लुईची लाडकी प्रेयसी, जिच्या फॅशनकडे अख्ख्या फ्रान्सचं लक्ष, ती इथे जेवणं आवरून भरतकामाला बसलेल्या मामीसारखी दिसते. मागे पुस्तकं, जवळ कुत्रा, पुढ्यात चौकट (आपल्या आरी वर्कच्याच जातकुळीतलं काम, प्राजूच्या ब्लाउजवर होतं तसलं), हनुवटीखालची वळीही तशीच ठेवलेली. तेव्हा वाटलं होतं, बाई सांगतेय की मी आता अशी आहे, शांत, घरातली. आता वाटतं सांगतंय कोण पण? चेहरा आदल्या वर्षीचा, आणि तो फुलाफुलांचा झगा, ती लेस पुरी झालेली तिने पाहिलीच नाही. हात टाक्यावर आणि बघतेय आपल्याकडे.

मी तर आपल्याकडेही बघत नाहीये. मेंदीच्या दिवशीचे बाकीचे फोटो काढून बघितले, मी जिलब्यांच्या ताटाकडे बघून हसत होते. म्हणजे स्टेजवर नवरानवरीच्या शेजारी उभी राहून मी जन्मभर जिलबीकडे बघणार.

सकाळी ह्यांनी विचारलं, बदलून मागायचा का फोटो? म्हटलं राहू दे, नुसती नाकात नथ बसवून देतो का विचारा.