गवती चहाचं तेल, घरच्या कुकरमधून

आमच्या गच्चीवर गवती चहाची तीन बेटं आहेत. पावसाळा सरता सरता ती कमरेएवढी होतात, आणि चहात घालून घालून घालणार किती? दरवर्षी निम्मी पात कंपोस्टच्या ड्रममध्ये जायची. नुसती चुरगाळली तरी बोटांना दिवसभर वास राहतो, अशी पात कुजवायची हे मला फार खुपायचं. दोन वर्षांपूर्वी ठरवलं, तेल काढून बघायचं. पातीतून वाफ न्यायची, ती गुंडाळलेल्या नळीत गार करून अर्क जमवायचा आणि त्यावर तरंगणारं तेल उचलायचं, अशी ही रीत. त्याचं काचेचं तयार यंत्र आवाक्याबाहेरचं होतं, म्हणून घरीच जुळवलं. सगळं मिळून साधारण २,४०० रुपये लागले. त्यातले तीनेकशे चुकांमध्ये गेले.

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी स्टीलचा १० लिटरचा कुकर ७०० रुपयांना मिळाला. ॲल्युमिनियमचा स्वस्त होता, पण आंबट वनस्पतीशी त्याचं पटत नाही, म्हणून घेतला नाही. गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवे घातले. शिट्टी काढून ठेवली आणि तिच्या जागी सिलिकॉनची नळी बसवली. आपल्याला दाब नकोच असतो, वाफेने सरळ बाहेर पडायचं असतं. त्यामुळे पुढे कुठेही तोटी लावायची नाही, नळी कुठेही दबू द्यायची नाही. पात जाळीवर, पाण्याच्या वर राहील अशी, आणि कुकर पाऊण भरेल इतकीच. वाफेच्या भोकात एक पान अडकलं तर कुकरचा बाँब व्हायला वेळ लागत नाही. मी जाळीच्या वर सुती फडकं पसरते आणि गॅस चालू असेपर्यंत ओट्यापासून हलत नाही.

तांब्याची नळी घ्यायला बोहरी आळीत गेले. एसीला लागते ती तीन सुतांची, म्हणजे ३/८ इंची नळी मागितली, वर ती गुंडाळायची आहे म्हणाले, तेव्हा दुकानदारकाकांनी विचारलं, "ताई, भट्टी लावताय काय?" त्यांचं विचारणं रास्त होतं. यंत्र तेच असतं, आणि घरी दारू गाळणं महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे गुन्हा आहे. शिवाय पेटत्या शेगडीशेजारी अल्कोहोलची वाफ सुटली तर घर पेटेल. गवती चहाचं तेल काढायचंय असं सांगितलं, तेव्हा त्यांनी १२ फूट नळी मोजून दिली.

ती मी घरी डब्याभोवती वळवायला गेले आणि तिसऱ्याच वेढ्याला चपटी झाली. चपटी झाली म्हणजे वाफेची वाट अडली, म्हणजे ती नळी गेलीच. दुसरी घेऊन कसब्यात तांबट आळीला गेले. तिथे अजून हातोड्यांचे ठोके ऐकू येतात, तांब्याच्या भांड्यांवर ठोके देण्याचं मठारकाम चालतं. एका वयस्कर तांबटकाकांनी नळीचं एक तोंड बंद केलं, कोरडी बारीक वाळू ठोकून ठोकून भरली, दुसरं तोंड बंद केलं आणि लोखंडी पाइपवर सावकाश आठ वेढे घेतले. कुठेच सुरकुती नाही. "आत भरलेलं असलं की तांबं बसत नाही," म्हणाले. पैसे घेत नव्हते, मी हातात कोंबले.

तरी पहिला प्रयोग फसलाच. घरभर असा घमघमाट सुटला की सासूबाई देवघरातून उठून बघायला आल्या. त्या खूश, आणि मला मात्र रडू यायच्या बेतात. घरभर वास सुटला म्हणजे तेल हवेत चाललंय. नळीच्या टोकातून थेंबांऐवजी वाफच येत होती, कारण वेढे मी चार लिटर पाण्याच्या पातेल्यात ठेवले होते आणि ते पाणी अर्ध्या तासात हात लावेना इतकं तापलं.

हिशेब मुलीने घातला. ती तेव्हा दहावीला होती आणि अप्रकट उष्मा नुकताच शिकली होती. एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. अर्धा लिटर अर्क म्हणजे २,७०,००० कॅलरी. चार लिटर पाण्यात त्या ओतल्या तर ते जवळजवळ ६७ अंशांनी तापतं. तीच उष्णता १८ लिटरच्या बादलीत गेली तर वाढ फक्त १५ अंशांची! कागदावरचे हे आकडे बघून मला फार आनंद झाला. मी इतके दिवस कुकरवर आणि नळीवर डोकं लावत होते, आणि अडलं होतं गार पाण्यावर.

मग वेढे १८ लिटरच्या बादलीत ठेवले आणि नळीचं टोक बाहेर काढायला तिच्या तळाशी भोक पाडून टाकीचा निपल बसवला. वाफ वरून आत, अर्क खालून बाहेर. पाणी वरच्या थरात आधी तापतं, म्हणून गरम पाणी वरून काढायचं आणि गार पाणी नळीने तळाशी सोडायचं. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, त्यामुळे नळ सोडून ठेवणं मनालाच पटेना. काढलेलं गरम पाणी भांड्यांना वापरते.

नव्या नळीतून आधी लिंबू पिळलेल्या पाण्याची वाफ काढून ते पाणी फेकून दिलं. मग सव्वा किलो पात, रात्रभर सुकवलेली, बोटभर तुकडे केलेली. आच मंद. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. थोड्या वेळाने बारीक धार लागली, दुधासारखी गढूळ, आणि या वेळी वास फक्त बाटलीपाशी होता.

शेवटी एक चूक केली. नळीचं टोक बाटलीतल्या अर्कात बुडलेलं असताना गॅस बंद केला. कुकर गार होऊ लागला तशी आतली वाफ आकसली आणि अर्क उलटा वर चढू लागला. धावत जाऊन टोक बाहेर ओढलं, तोवर वाटीभर तरी परत गेला होता. आता आधी बाटली काढते, मग गॅस.

उरलेला अर्क झाकून रात्रभर ठेवला. सकाळी पाणी निवळलं होतं आणि वर फिकट पिवळा, कागदाइतका पातळ थर तरंगत होता. सुई काढलेल्या सिरिंजने तो उचलला. साडेतीन मिलिलिटर भरला. सव्वा किलोतून इतकंच निघतं, ताज्या पातीत तेल टक्क्याच्याही अंशातच असतं. खालचं सुगंधी पाणी मी फरशी पुसायच्या पाण्यात घालते.

त्यातलं थोडं तेल छोट्या बाटलीत घालून तांबटकाकांना नेऊन दिलं. त्यांनी बूच काढून वास घेतला आणि आधी विचारलं, "वेढे कुठे बसले नाहीत ना?" मी नाही म्हणाले. यंदाची कापणी नवरात्रानंतर करणार आहे. त्यासाठी गार पाण्याला ५० लिटरचा ड्रम आणून ठेवलाय, तळाला भोक तेवढं पाडायचं राहिलंय.