आकडा जुळला, पण मूल आपलं नव्हतं

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तिसरीची सहल प्राणिसंग्रहालयात गेली होती आणि सोबतच्या पाच शिक्षकांपैकी मी एक होते. परतताना बसच्या दाराशी मुलांची रांग लावली आणि एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत मोजायला लागले. ४२ मुलं नेली होती, ४२ भरली. मी सहलप्रमुखांना हात वर करून खूण केली, मुलं चढायला लागली. तेवढ्यात रांगेतल्या एका मुलाने माझी बाही ओढली. "बाई, आमची बस तर पांढरी आहे."

मी खाली वाकून बघितलं. पांढरा शर्ट, निळी पँट, गळ्यात पाण्याची बाटली. पण तो चेहरा मी याआधी कधीच पाहिलेला नव्हता.

तो दुसऱ्या शाळेचा होता. गणवेश इतका सारखा, की आमची रांग बघून तो सरळ येऊन उभा राहिला होता. म्हणजे आकडा बरोबर होता आणि आमचं एक मूल आत राहिलं होतं. पोटात गोळा येणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. अकरा मिनिटांनी आमचा मुलगा सापडला, पाणमांजराच्या काचेला नाक लावून बसलेला. आपण मागे राहिलोय हे त्याच्या गावीही नव्हतं. मला बघून म्हणाला, "बाई, हे बघा, ते पाठीवर पोहतंय!"

त्या मुलाला काही झालं नाही. पण त्या अकरा मिनिटांत मी संग्रहालयातलं प्रत्येक तळं, प्रत्येक कठडा मनातल्या मनात बघून आले. त्यामुळे यंदा मुख्याध्यापकांनी याच सहलीची जबाबदारी माझ्याकडे दिली, तेव्हा मी दोन गोष्टी मागून घेतल्या: तयारीला सहा आठवडे, आणि जागा आधी एकटीने बघून यायची परवानगी.

पूर्वपाहणीला मी मुद्दाम सहलीच्याच वारी आणि सहलीच्याच वेळी गेले. रिकाम्या संग्रहालयात गर्दीचा अंदाज येत नाही. बस कुठे थांबते आणि तिचं दार कुठल्या बाजूला उघडतं, हेही बघितलं, कारण उतरल्यावर मुलांना गाड्यांच्या मधून चालत जावं लागणार असेल तर दिवसातला पहिला धोका तिथेच असतो. स्वच्छतागृहं किती, नळ किती, साबण आहे का, प्रथमोपचाराची खोली कुठे, सावली कुठे, कुठल्या वळणावर दोन वाटा फुटतात, सगळं वहीत उतरवलं. कठड्यांपाशी मी गुडघ्यांवर बसून बघितलं. मोठ्या माणसाला जो कठडा कमरेएवढा वाटतो, त्याच्या दोन आडव्या दांड्या आठ वर्षांच्या मुलाला शिडीच्या पायऱ्या दिसतात. हे उभं राहून कळत नाही.

तिथल्या शिक्षण विभागातल्या अधिकाऱ्यांनी मला तासभर दिला. मी विचारलं, तुम्हाला शाळांच्या गटांची सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? मला वाटलं होतं, मुलं प्राण्यांना खायला घालतात किंवा काचेवर थापा मारतात असं काहीतरी सांगतील. ते म्हणाले, "फोटो. मूल दिसावं म्हणून कोणीतरी त्याला उचलून कठड्यावर बसवतं." प्राण्याचा खरा अडसर वेगळा असतो आणि प्रेक्षकांचा कठडा त्याच्या बराच अलीकडे असतो. मधलं ते अंतर हाताच्या, पंजाच्या, सोंडेच्या टप्प्याबाहेर राहण्यासाठी ठेवलेलं असतं. मूल कठड्यावर चढलं की ते अंतरच संपतं.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात तीन वर्षांचा एक मुलगा कठडा ओलांडून गोरिलाच्या खंदकात पडला. त्याला वाचवण्यासाठी हरांबे नावाच्या १७ वर्षांच्या गोरिलाला कर्मचाऱ्यांना गोळी घालावी लागली. मूल वाचलं. नंतर तिथला कठडा उंच करून त्याला जाळी लावली. ही हकिगत मी सोबत येणाऱ्या सगळ्या मोठ्यांना सांगितली. मुलांना सांगितली नाही. मुलांना एवढंच सांगितलं की कठडा हा प्राण्याच्या घराचा उंबरा आहे आणि त्याच्यावर पाय द्यायचा नाही.

प्राणी पिंजऱ्याबाहेर आला तर काय, हेही विचारलं. असं क्वचितच घडतं, पण प्रत्येक चांगल्या संग्रहालयाकडे त्याची ठरलेली योजना असते आणि ती आधी विचारून ठेवायला हवी. उत्तर साधं होतं: फाटकाकडे धावायचं नाही. जवळच्या पक्क्या इमारतीत शिरायचं, दार लावायचं, कर्मचारी सांगेपर्यंत आत थांबायचं. आमच्या वाटेवरच्या अशा चार इमारती त्यांनी मला नकाशावर खुणा करून दिल्या.

मग गट. ४२ मुलांचे सहा-सहाचे सात गट केले, प्रत्येक गटाला एक मोठं माणूस: पाच शिक्षक आणि दोन पालक. शिवाय दोघं कुठल्याच गटाला न बांधलेले, एक मी आणि दुसरे प्रथमोपचाराची पिशवी घेतलेले सर. हे मोकळे दोघं फार महत्त्वाचे. एखादं मूल पडलं, ओकलं किंवा घाबरून रडायला लागलं, तर त्याच्यापाशी थांबायला माणूस हवं आणि तेवढ्यासाठी बाकीच्या पाच मुलांना वाऱ्यावर सोडता येत नाही.

पालकांना स्वतःचं मूल असलेला गट द्यायचा नाही, असं मी ठरवलं. एका आईला ते लागलं. त्या म्हणाल्या, माझ्या मुलावर माझ्याइतकं लक्ष कोण ठेवणार? मी म्हटलं, तुमचा मुद्दा बरोबर आहे, आणि अडचणही नेमकी तीच आहे. तुमचे डोळे त्याच्यामागेच जातील आणि बाकीची पाच मुलं तुमच्या नजरेतून सुटतील. त्या दोन दिवसांनी परत आल्या आणि म्हणाल्या, दुसरा गट द्या. त्यांनी तो इतका छान सांभाळला की मी आजही त्यांची ऋणी आहे.

प्रत्येक गटप्रमुखाला एक कार्ड दिलं. त्यावर सहा नावं, सहा छोटे फोटो, कोणाला दमा, कोणाला कशाची ॲलर्जी. दम्याचा पंप गटप्रमुखाच्याच पिशवीत राहील, बसमध्ये नाही, हे मी तीनदा बजावलं. मुलांच्या मनगटावर शाळेचं नाव आणि माझा फोन नंबर असलेली पट्टी बांधली. मुलाचं नाव मुद्दाम घातलं नाही, कारण अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मुलाला तो ओळखीचा वाटतो. आणि सगळ्यांच्या डोक्यावर भडक केशरी टोप्या. पांढऱ्या शर्टावर माझा आता विश्वास राहिलेला नाही.

मोजणीची पद्धतही बदलली. डोकी मोजायची नाहीत. गटप्रमुखाने नाव घ्यायचं, मुलाने "हो" म्हणायचं आणि त्याच्या डोळ्यांत बघून मगच पुढचं नाव. सहा मुलांना पंधरा-वीस सेकंद लागतात. बसमधून उतरल्यावर, फाटकातून आत गेल्यावर, प्रत्येक इमारतीतून बाहेर पडताना, स्वच्छतागृहानंतर, जेवणाच्या आधी आणि नंतर, आणि बस सुटण्याआधी दोनदा. चालकांनाही सांगून ठेवलं होतं की दोघांनी वेगवेगळी मोजणी करून मला सांगितल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही.

आदल्या आठवड्यात वर्गात खडूने जमिनीवर दोन रेघा ओढल्या, एक प्राण्याची आणि एक आपली. मुलांनी आपल्या रेघेपाशी उभं राहायचा सराव केला. वाघासमोर पाठ फिरवून पळायचं नाही हेही शिकवलं. पळणारं लहान काहीतरी दिसलं की मोठ्या मांजरकुळातल्या प्राण्याची शिकारीची सहजवृत्ती जागी होते आणि तो काचेवर झेप घेतो. काच टिकते, पण मूल दचकून मागच्या दगडावर आपटतं. हरवलं तर जिथे आहात तिथेच थांबायचं, शोधत फिरायचं नाही, आणि गणवेशातल्या कर्मचाऱ्याला मनगटावरची पट्टी दाखवायची, याचाही सराव झाला. तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "आणि बाई, तुम्हीच हरवलात तर?" वर्ग हसला, पण मला तो प्रश्न फार मोलाचा वाटला. खरंच, गटप्रमुखाला चक्कर आली तर सहा मुलांनी काय करायचं, याचा मी विचारच केला नव्हता. मग आम्ही ठरवलं: सहाही जणांनी एकमेकांचे हात धरून तिथेच थांबायचं आणि दोघांनी मोठ्याने मदत मागायची.

राहता राहिले हात. सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याविषयी, कारण बहुतेक शाळा इथे कमी पडतात. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या प्राणिसंग्रहालयात कोमोडो ड्रॅगनचं, म्हणजे घोरपडीच्या जातीतल्या महाकाय सरड्यांचं, प्रदर्शन भरलं होतं. ते बघून गेलेले साठाहून अधिक जण साल्मोनेला नावाच्या जिवाणूच्या संसर्गाने आजारी पडले आणि त्यात मुलं जास्त होती. ड्रॅगनला त्यांच्यापैकी कोणीही शिवलं नव्हतं. बहुतेकांनी हात लावला होता तो भोवतालच्या लाकडी कुंपणाला. प्राणी त्या कुंपणावर पाय ठेवायचे आणि पायांना चिकटलेली घाण लाकडावर यायची. ज्यांनी बाहेर पडताना हात धुतले, ते बरेचसे वाचले. हे वाचल्यापासून मी "आम्ही कशालाच हात लावला नाही" हे उत्तर मानत नाही.

शेळ्या, मेंढ्या, ससे हाताळता येतात त्या भागात तर जास्तच जपावं लागतं. गुरं आणि शेळ्या-मेंढ्या स्वतः ठणठणीत असूनही त्यांच्या विष्ठेत ई. कोलाय ओ१५७ नावाचा जिवाणू असू शकतो. त्याचे थोडेसेच जंतू आजाराला पुरतात आणि लहान मुलांच्या मूत्रपिंडांपर्यंत तो आजार पोचू शकतो. सॅनिटायझरवर भिस्त ठेवून चालत नाही. मळलेल्या हातांवर तो नीट काम करत नाही आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवीवर त्याचा असर होत नाही. वाहतं पाणी, साबण आणि वीस सेकंद चोळणं, याला पर्याय नाही. आमच्या एक सहकारी तेव्हा गरोदर होत्या. नुकत्याच व्यालेल्या शेळ्या-मेंढ्यांपासून गरोदर स्त्रीला वेगळ्याच संसर्गाचा धोका असतो, म्हणून त्यांचा गट त्या वेळी पक्ष्यांकडे नेला आणि नंतर मी तो शेळ्यांकडे घेऊन गेले. पूर्वपाहणीत एका बेसिनवर साबण नव्हता, म्हणून द्रव साबणाच्या चार बाटल्या आणि कागदी रुमाल मी बरोबर घेतले होते.

सहलीचा दिवस तसा शांत गेला. सर्पगृहात एक मुलगी दाराशीच थबकली आणि आत यायला तयार होईना. तिला कोणी ओढलं नाही. मोकळे सर तिच्याजवळ बाहेर बसून राहिले. दुपारी तिसऱ्या गटाच्या मोजणीत पाचच मुलं निघाली. गटप्रमुखांनी तिथल्या तिथे सगळ्यांना थांबवलं आणि मला फोन केला. सहावा मुलगा चौथ्या गटाबरोबर स्वच्छतागृहात गेला होता, दोन मिनिटांत सापडला. मागच्या वेळी हीच गोष्ट बसच्या दाराशी कळली होती. यावेळी ती पन्नास पावलांच्या आत कळली.

हात धुण्यापाशी मात्र माझा हिशेब चुकला. नळ चार, मुलं ४२. मी दहा मिनिटं धरली होती. पण लहान मुलं बाह्या वर करतात, साबणाचा फेस बघत बसतात, एकमेकांचे हात हुंगतात. जेवायला आम्ही बराच वेळ उशिरा बसलो. तरी मी कोणालाही घाई केली नाही. हात पुसून झाला की प्रत्येकाने तो मला उलटसुलट करून दाखवायचा आणि मगच डबा उघडायचा. एका मुलाच्या नखांत अजून माती होती. तो न सांगता पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

पाणमांजरांपाशी मी मुद्दाम जास्त वेळ ठेवला होता. सातही गट आळीपाळीने काचेपाशी बसले. त्यासाठी यादीतली दोन दालनं आधीच गाळली होती आणि मुलांपैकी कोणी त्यांचं नावही काढलं नाही.

संध्याकाळी बसमध्ये पहिली मोजणी झाली, मग दुसरी. चालकांनी आरशातून विचारलं, "निघायचं ना, बाई?" मी एकदा पुढून मागे चालत गेले, ४२ केशरी टोप्यांखालचे चेहरे बघितले आणि मग हो म्हटलं. शाळेत पोचल्यावर सातही कार्डं परत घेतली आणि मुलांचे फोटो असल्यामुळे फाडून टाकली. वही ठेवली आहे. पुढच्या सहलीसाठी तिच्यात लिहिलेली पहिली ओळ अशी आहे: हात धुवायला वीस मिनिटं, दहा नाही.