चारमिनार रुपया मोडीत देण्याआधी

जालना, परभणी, नांदेडच्या सराफ्यात हैदराबादच्या निजामाचे, चारमिनारचं चित्र असलेले चांदीचे रुपये आजही मोडीला येतात आणि चांदीच्या भावात वितळून जातात. मुशीत टाकण्याआधी ते नीट पाहिले जावेत, म्हणून हे लिहितो आहे.

आधी वजन. रुपया ११.१८ ग्रॅम, अधेली ५.५९, पावली २.७९. झिजलेला रुपया थोडा कमी भरतो, ते चालतं. जास्त भरला तर कड फिरवून बघा: तांड्यावरच्या माळेतून आलेल्या रुपयाला कडी झाळलेली असते, आणि ती काढून घासली की तेवढ्या जागी कडेच्या रेघा गायब होतात. असा रुपया अस्सलच, पण संग्राहक त्याला निम्मी किंमतही देत नाही.

टंच, म्हणजे शंभर भागांतली शुद्ध चांदी, ८१.८. इंग्रजांचा रुपया, म्हणजे कलदार, ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टंचाचा. म्हणजे निव्वळ चांदी हालीत (निजामाच्या रुपयाला हाली म्हणत) ९.१४ ग्रॅम, कलदारात १०.६९. शंभर कलदारांना ११६ हाली रुपये १० आणे ८ पै, म्हणजे सहा कलदारांना सात हाली, हा सरकारी दर या फरकाशी जवळजवळ जुळतो. आपल्याकडच्या जुन्या खरेदीखतांत रकमेपुढे ‘हाली’ की ‘कलदार’ हे म्हणूनच आवर्जून लिहिलेलं असतं. १३६१ हिजरीपासूनचे (इ. स. १९४२) रुपये मात्र निम्म्याच चांदीचे, वजन तेच, त्यामुळे नुसत्या काट्यावर ते ओळखू येत नाहीत.

आता भिंग घ्या आणि चारमिनारच्या मधल्या कमानीत बघा. तिथे मीम (उर्दू ‘म’, م) असेल तर नाणं सहावे निजाम महबूब अली खान यांचं, ऐन (उर्दू अक्षर ع) असेल तर सातवे निजाम उस्मान अली खान यांचं. उस्मान अलींच्या अगदी सुरुवातीच्या, १३२९-३० हिजरीच्या ठशांत हा ऐन अर्धाच आहे. पुढे तो पूर्ण झाला. अर्धा ऐन कमी सापडतो, भाव चढा असतो, म्हणून झिजलेला पूर्ण ऐनही ‘अर्धा’ म्हणून खपवला जातो. बाकी अक्षरं ठसठशीत आणि ऐन तेवढा पुसट असेल तर पैसे देऊ नका.

नाण्यावरचा ९२ हा आकडा अनेकजण साल समजतात. तो अबजद पद्धतीने, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा धरून, ‘मुहम्मद’ आहे: ४०, ८, ४०, ४ यांची बेरीज. साल चार आकडी, हिजरी. मागच्या बाजूला जुलूस, म्हणजे राज्यारोहणापासूनचं कितवं वर्ष तो आकडा. उस्मान अली १३२९ च्या रमजानमध्ये गादीवर आले, त्यामुळे सालातून १३२९ वजा केल्यावर येतो तो आकडा किंवा त्याहून एक जास्त, एवढंच जुलूस असू शकतं. १३३७ ला ८ किंवा ९. आकडे वाचताना उघड्या तोंडाचा ‘व्ही’ म्हणजे ७, उलटा ८. साल आणि जुलूस ही जोडी जुळली नाही तर नाणं बनावट धरा. ओतीव नकला करणारे बऱ्याचदा इथेच फसतात.

तरीही शंका उरली तर पाण्याची परीक्षा घ्या. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. रुपया बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, पण तळाला, कडेला टेकू देऊ नका. ८१.८ टंचाच्या रुपयाला काटा १.१० च्या आसपास दाखवतो. जर्मन सिल्व्हरची (या मिश्रधातूत चांदी नसते) नक्कल त्याच वजनाची असली तर १.२५ च्या वर जाते. अक्षरांच्या खाचेत हवेचा बुडबुडा अडकला की आकडा फुगतो आणि खरं नाणं खोटं ठरतं, म्हणून आधी नाणं पाण्यातच बोटाने हलकं चोळून घ्या.

चोळणं तेवढंच. चिंच, राख, सराफाचं तेजाब यातलं काहीही लावू नका; काळपट थर गेला की किंमतही गेली.

‘औरंगाबाद टांकसाळीचा चारमिनार रुपया’ म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नका. औरंगाबादची टांकसाळ मुघल नाण्यांवर ‘खुजिस्ता बुनियाद’ या नावाने येते. चारमिनारवर ‘फर्खुंदा बुनियाद हैदराबाद’ असतं. दोन्हींत ‘बुनियाद’ आहे, त्यामुळे अर्धवट वाचणारा फसतो.

आणि जुना वाडा पाडताना रुपयांची गाडगी निघाली तर ती वाटून घेऊ नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.